गाण्यातून मी पुसलेला माणूस

मस्कतमधल्या एखाद्या भारतीय लग्नाला किंवा शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही कधी आला असाल, तर मला नक्की पाहिलं असणार. लक्षात मात्र ठेवलं नसणार. सभागृहाच्या अगदी मागे, असंख्य बटणांच्या काळ्या टेबलामागे, एका कानावर हेडफोन सरकवून जो माणूस बसलेला असतो, तो मी. काम नीट झालं तर माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. माईकने शिट्टी मारली की चारशे माणसं एकदम वळतात.

कणकवलीला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून मी इकडे आलो आणि मस्कतच्या रुवी भागातल्या एका दुकानात लागलो. माईक-स्पीकर भाड्याने द्यायचे, कार्यक्रमात ते चालवायचे आणि लोकांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची, असं आमचं काम. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, दुकान तेच, अर्बाबही तेच. अर्बाब म्हणजे मालक. ते सकाळी येतात, कहावा म्हणजे इथली कॉफी पितात, ‘पाटकर, सब ठीक?’ विचारतात आणि ‘ठीक’ म्हटलं की निघून जातात. धंद्याचं सार त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नको तो आवाज घालवायचा, हवा तो पोचवायचा. खलास. हवा कुठला आणि नको कुठला हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न मला फार वर्षं पडलाच नाही. मीच ठरवायचो.

या कामात गर्व लवकर चढतो. एकदा सूर या बंदराच्या गावी नवीन लाकडी जहाज पाण्यात सोडण्याचा समारंभ होता. एक वयस्कर कवी उभे राहिले आणि तोंड उघडल्याबरोबर माईक किंचाळला. मी बटणं फिरवली, आवाज कमी केला, माईक बदलला, तरी किंचाळणं थांबेना. तेवढ्यात जहाज बांधणारा म्हातारा सुतार शांतपणे उठला, माझ्या स्पीकरपाशी गेला आणि तो वीतभर बाहेर वळवून ठेवला. शिट्टी बंद. स्पीकरचा आवाज जहाजाच्या पोटाला आपटून परत माईकमध्ये जात होता आणि ते पोट त्याने स्वतः बांधलेलं होतं. तो हसलासुद्धा नाही, परत जाऊन बसला. या गोष्टीवरून मी काही शिकायला हवं होतं. मी फक्त पुढच्या वेळेपासून जहाजापासून लांब स्पीकर लावायला शिकलो.

ज्या कामाबद्दल मला लिहायचंय, ते सुरू झालं एका घुमणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपासून.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी चाळिशीची एक गोरी बाई दुकानात आली. आखूड केस, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. गिटारचा आवाज मोठा करणारी ही पेटी, आत काचेच्या नळ्या असतात त्या तापल्या की बोलायला लागतात. ‘सतत घुमतोय,’ ती म्हणाली. मी पेटी उघडली. आतला एक कपॅसिटर फुगला होता. तो बदलला, दोन सुटलेले टाके परत जोडले. तिने तिथेच गिटार लावून एक तार छेडली आणि डोळे मिटून आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिली. मागे काही घुमत नाही अशी खात्री पटल्यावर म्हणाली, ‘आता तो श्वास घेतोय.’ दुरुस्तीचं असं कौतुक मला आजवर कुणी केलं नव्हतं.

तिचं नाव ऱ्हियान. मस्कतमधल्या एका इंग्रजी शाळेत भूगोल शिकवायची, तिथेच कुरुम भागात राहायची. मी तिला इंग्लिश समजलो आणि तसं म्हणालोही. तिने ताबडतोब दुरुस्ती केली. ‘इंग्लिश नाही. वेल्श. वेल्सची.’ वेल्स हा इंग्लंडला चिकटलेला छोटा डोंगराळ देश आणि तिथली भाषा इंग्रजीपेक्षा अगदी वेगळी, एवढं मला त्या दिवशी कळलं.

तिचा एक बँड होता. ड्रूस केवन, म्हणजे त्यांच्या भाषेत मागचं दार. ती गाते आणि गिटार वाजवते, ह्यू नावाचा सुतार ड्रम वाजवतो आणि मारेद नावाची परिचारिका बेस, म्हणजे जाड आवाजाची गिटार. तिघं एका शाळेतले. ऱ्हियान नोकरीसाठी ओमानला आल्यावर बँड मोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण बाकीचे दोघे नाताळच्या सुट्टीत वाद्यं घेऊन इकडेच यायला लागले. या खेपेला त्यांना पूर्ण तबकडी रेकॉर्ड करायची होती. मस्कतबाहेर बरक्याला ओळखीच्या एका ओमानी कुटुंबाचं शेतघर मिळालं होतं.

‘कंपनी कुठली?’ मी विचारलं.

‘कुठलीच नाही. आम्हीच वाजवतो, आम्हीच छापून घेतो, आम्हीच पाकिटात घालून पाठवतो.’

‘मग हे गाणं ठेवा, ते काढा, असं सांगतं कोण?’

‘कुणीही नाही,’ ती म्हणाली. ‘त्यासाठीच तर.’

जन्मभर अर्बाबाखाली काम केलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. थोडा हेवा, थोडी कीव. मग तिने विचारलं, ‘तुम्ही बँडचं रेकॉर्डिंग केलंय?’ मी लग्नं केली होती, भाषणं केली होती, भजनं केली होती, बँडचं रेकॉर्डिंग मात्र एकदाही नाही. ‘हो, पुष्कळदा,’ मी म्हणालो.

डिसेंबरात आमच्या दुकानाचा ड्रायव्हर इकबालभाई मला आणि सामानाला पिकअपमधून बरक्याला घेऊन गेला. इकबालभाई श्रीवर्धनकडचा. आम्ही एकाच वर्षी इथे आलो. तो आणि मी जेवढे तास शेजारी बसलोय, तेवढे मी माझ्या बायकोच्या शेजारी बसलो नसेन. शेतघर खजुरीच्या झाडांच्या मधोमध होतं. मोठ्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर गालिचे आणि उशा. गालिचे पाहून मला हायसं वाटलं, कारण फरशी आवाज परतवते आणि गालिचा तो पिऊन टाकतो. बागेला पाणी देणारा पंप दिवसातून दोनदा चालायचा, तेव्हा आम्ही थांबायचो. अजानच्या वेळीही थांबायचो.

खोलीच्या कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असत. उंच, हाडं मोठी, हात फावड्यासारखे. ऱ्हियानचे वडील, एम्लिन. तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत ते पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होते. बायको गेल्यापासून मुलीकडे हिवाळा काढायला येत. मला वाटलं, म्हाताऱ्याला आमचा गोंगाट आवडत नसावा, कारण ते काहीच बोलत नसत. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो की मान हलवत.

त्यांचं संगीत मला पहिल्या दिवशी मुळीच आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. गिटार आधी कुजबुजायची, मग एकाएकी छप्पर कोसळल्यासारखी धडाडायची आणि त्यातून ऱ्हियानचा आवाज वर यायचा, गोड नव्हे, खरखरीत. तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी वायर गुंडाळताना त्यातलीच एक चाल गुणगुणतोय हे इकबालभाईने मला दाखवून दिलं.

जेवताना ऱ्हियानने विचारलं, ‘पाटकर, तुमच्या घरी कुठली भाषा?’

‘मराठी. म्हणजे मी आणि बायको मराठीत बोलतो. मुलगी इंग्रजीत उत्तर देते.’

‘तिच्यावर रागावता तेव्हा?’

‘मराठीत.’

‘आणि ती रागावते तेव्हा?’

मी आठवून पाहिलं. आमची सायली बारावीत असताना एकदा दार आपटून ‘बाबा, तुम्हाला काही कळत नाही’ असं शुद्ध मराठीत म्हणाली होती.

‘तीही मराठीत.’

‘मग आहे अजून,’ ऱ्हियान म्हणाली आणि हसून पोळी मोडायला लागली. मी सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या, हातच्या पोळ्या नेल्या होत्या.

आता रेकॉर्डिंग कसं होतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक वाद्यासमोर वेगळा माईक असतो आणि प्रत्येक माईकचा आवाज वेगळा साठतो. त्या प्रत्येकाला ट्रॅक म्हणतात. पुढे सावकाश बसून हे ट्रॅक एकमेकांत मिसळायचे, कमीजास्त करायचे, नको ते कापायचे. मी एक जादा माईक कोपऱ्यात उभा केला होता. तो कुठल्याच वाद्याचा नाही, खोलीचा. नुसती वाद्यं रेकॉर्ड केली तर आवाज कोरडा लागतो. खोलीची हवा थोडी मिसळली की माणसं एका छपराखाली वाजवतायत असं वाटतं. हा माईक एम्लिन यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होता.

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं. ते पूर्ण वेल्शमध्ये होतं. वडील दाढी करताना जी चाल गुणगुणायचे, तिच्यावरून ऱ्हियानने ते बांधलं होतं. तिघांनीही हेडफोन लावले. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं आणि कोपऱ्यातून आवाज यायला लागला. एम्लिन गात होते. गुडघ्यांवर हात, नजर समोर भिंतीवर, आवाज जाडसर आणि फुटलेला, तालाच्या किंचित मागे. मी दचकलो. गाणं थांबवायला हात वर केला, पण ऱ्हियानने माझ्याकडे असं काही पाहिलं की हात खाली आला. ते शेवटपर्यंत गात राहिले.

शेवटचा सूर विरला. ऱ्हियानने हेडफोन काढून फेकले आणि ती वडिलांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. ह्यूने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मारेद तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. मग तिघंही एकदम वेल्शमध्ये बोलायला लागली, भराभरा, मोठमोठ्याने. ऱ्हियानचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं. इतका सुंदर टेक, म्हणजे एका दमात वाजवलेलं गाणं, म्हाताऱ्याने घालवलं आणि आता बापाला बोलायचं कसं हा यांना प्रश्न पडलाय. मी नजर चुकवून केबल गोळा करायला लागलो. कौटुंबिक मामला, आपण मध्ये कशाला पडा.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, ‘हाच टेक. हाच ठेवायचा.’

‘काळजी करू नका मॅडम,’ मी म्हणालो. ‘मी बघतो सगळं.’

ह्यू आणि मारेद आपल्या देशी परत गेले. मी दुकानातलं काम संपवून रोज संध्याकाळी त्या गाण्यांवर बसायला लागलो. शेवटच्या गाण्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. ऱ्हियानच्या माईकमध्ये दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागी म्हाताऱ्याचा आवाज शिरला होता, ती प्रत्येक जागा मी सुईने काटा काढावा तशी साफ केली. खोलीच्या माईकवर तर तेच जास्त होते आणि गाणं कमी. तो ट्रॅक वाया गेला म्हणून मी पुसून टाकला. ज्या मेमरी कार्डवर मूळ रेकॉर्डिंग साठलं होतं ते गुरुवारच्या लग्नासाठी हवं होतं, तेही कोरं केलं. गाणं आरशासारखं झालं. मी स्वतःवर खूश होतो.

जानेवारीत ते घेऊन कुरुमला तिच्या घरी गेलो. ती सोफ्यावर बसून ऐकत होती, वडील शेजारी. पहिल्या गाण्यांना तिने मान डोलावली. शेवटचं लागलं. दुसरं कडवं सुरू झालं तशी ती पुढे वाकली. कडवं संपलं. गाणं संपलं.

‘डॅड कुठे आहेत?’

मला आधी कळलंच नाही. ते तर शेजारी बसले होते.

‘त्यांचा आवाज, पाटकर. ते गायले होते.’

आणि मग तिने सांगितलं. दोन वर्षांपासून त्यांचं बोलणं आटत चाललं होतं. आधी इंग्रजी गेलं. मग वेल्शही थेंबाथेंबाने जायला लागलं. गावच्या पुरुषांच्या गानमंडळात त्यांनी जन्मभर खालच्या सुरात गायलं होतं, पण तिची आई गेल्यानंतर एक ओळ त्यांच्या तोंडून आली नव्हती. बरक्याला त्या दिवशी ते पहिल्यांदा गायले. ‘आणि शब्द माझे नव्हते,’ ती म्हणाली. ‘काहीतरी वेगळंच म्हणत होते. कानावर हेडफोन होते म्हणून आम्हाला कुणालाच नीट कळलं नाही. मी महिनाभर वाट बघतेय की रेकॉर्डिंगमध्ये ऐकायला मिळेल.’

माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘तो माईक त्या वेळी चालला नाही मॅडम. केबल खराब होती.’

ती वडिलांचा हात हातात घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये मी इकबालभाईला सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली.

‘केबलवर घातलंस?’

‘दुसरं काय सांगणार?’

‘पाटकरा, त्या केबलीवर तुझं घर चाललंय आजवर. तिच्यावर कशाला घालतोस रे? जाऊन सांग.’

‘काम जाईल. नाव जाईल.’

‘नाव तर कालच गेलं,’ तो म्हणाला. ‘फक्त तुला आणि मला माहीत आहे एवढंच.’

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला जाताना त्याने मला कुरुमला तिच्या दाराशी सोडलं. माझा धीर सुटू नये म्हणून बेल वाजेपर्यंत गाडी तिथेच उभी ठेवली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. ‘केबल चांगली होती. माईक चालू होता. तुमच्या वडिलांचा आवाज स्पष्ट आला होता. मी पुसला.’

‘का?’

‘मला वाटलं, त्यांनी गाणं बिघडवलं.’

‘असं तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. तुम्ही तिघं आपसात मोठ्याने बोलत होता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, तुम्ही चिडलाय.’

‘आणि तुम्ही विचारलं नाहीत.’

‘नाही.’

ती म्हणाली, ‘मीही सांगितलं नाही. मला वाटलं, खोलीत असलेल्या प्रत्येक माणसाला कळलंच असेल.’ दार लोटता लोटता ती पुढे म्हणाली, ‘आज मला तुमच्याशी बोलता येणार नाही, पाटकर. तुम्ही जा.’

परत येताना मी चालतच निघालो. एक गोष्ट डोक्यातून जाईना. या लोकांनी कंपनी नको, मालक नको, आपल्या गाण्यातून काय काढायचं ते दुसऱ्या कुणी सांगायला नको, म्हणून एवढा आटापिटा केला होता. आणि ते काम मी, भाड्याने सामान देणाऱ्या दुकानातला माणूस, कुणी न सांगता करून बसलो होतो. पूर्वी किती कार्यक्रमांत मी हे केलं असेल? कुणाची तरी आजी मध्येच ओवी म्हणायला लागली म्हणून खाली ओढलेला आवाज, भाषणात अडखळून रडू आवरणारा बाप, त्याच्या हुंदक्यावर बंद केलेला माईक. सगळं स्वच्छ. सगळं व्यवस्थित. त्याबद्दल लोकांनी माझी पाठही थोपटली होती.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. एकदा पुन्हा प्रयत्न करून बघू, ती म्हणाली. मी तिच्या बैठकीच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या, सगळ्यात चांगला माईक लावला. एम्लिन यांच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि गाणं सुरू केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. दुसऱ्यांदाही ऐकलं. तिसऱ्यांदा ऱ्हियान त्यांच्यासमोर बसून हळू आवाजात स्वतः गायली. त्यांनी तिच्या गालाला हात लावला, हेडफोन काढले आणि उठून ते माझ्या डोक्यावर चढवले. जणू पाहुण्यालाही ऐकू दे. मग चहा मागितला. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मी गाद्या खाली उतरवल्या.

त्या संध्याकाळी दुकानात मी ते गाणं परत उघडलं. काय शोधतोय ते मलाही ठाऊक नव्हतं. एक एक ट्रॅक सुटा करून ऐकत बसलो. आता आमच्या धंद्यातला एक कायमचा शत्रू आहे, त्याला आम्ही गळती म्हणतो. एका खोलीत सगळे माईक उघडे असले की प्रत्येक माईक दुसऱ्याचंही थोडं ऐकतो. गिटारच्या माईकमध्ये ड्रम, ड्रमच्या माईकमध्ये गाणं. ही गळती बुजवण्यात आमचा अर्धा जन्म जातो. ड्रमच्या वर मी दोन माईक टांगले होते. त्या दोन्हींमध्ये ह्यूचा धडधडाट भरलेला होता, दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक जागा होती जिथे ड्रम आणि बाकी सगळंच काही क्षण पूर्ण थांबतं. तिथे ते माईक मी मुके करून ठेवले होते. मुके केले होते, पुसले नव्हते.

मी ती जागा उघडली. आवाज चढवत नेला. खजुरीतला वारा, खुर्चीचं करकरणं आणि त्याच्या मागे, विहिरीच्या तळातून यावा तसा, जाड आणि फुटका आवाज.

मी रात्रीच तिला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ऱ्हियान तडक दुकानात आली. गिऱ्हाइकं होती, अर्बाबही होते. मी तिला मागच्या खोलीत नेऊन हेडफोन दिले. ती स्पीकरच्या खोक्यावर बसून ऐकत होती. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग मान वर केली.

‘हे गाणं नाहीये,’ ती म्हणाली. ‘ही नावं आहेत.’

‘कुणाची?’

‘खाणीतल्या माणसांची. डॅडबरोबर कामाला असायची ती. ग्विलिम. इडवाल. उंच जॉन. आणि हा शेवटचा रॉबिन, तो आमच्या शेजारी राहायचा, मी लहान असताना गेला.’ तिने पुन्हा ऐकलं. ‘ते चालीवर माणसं मोजत होते, पाटकर. सकाळी खाणीत उतरताना हजेरी घेतात तशी.’

‘चारच नावं आहेत,’ मी म्हणालो.

‘इथे चार. पण ते तर कडव्याच्या सुरुवातीपासून गाण्याच्या शेवटपर्यंत म्हणत होते. ड्रमखाली आणखी किती असतील?’

मी त्या हिशोबाने पाहिलं होतं. त्या गतीने तीसेक माणसं सहज झाली असती. ‘सांगता येणार नाही मॅडम,’ मी म्हणालो.

मी आकडा लपवतोय हे तिला कळलं असावं. तिने मला क्षमा केली का, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, ‘हा आवाज थोडा साफ करू? खुर्ची करकरतेय, वारा आहे.’

‘हात लावू नका.’

नाही लावला. ती जागा आहे तशी गाण्यात ठेवली. मी केलेलं सगळ्यात अस्वच्छ काम तेच. ह्यू आणि मारेदला पाठवलं. ह्यूचं उत्तर आलं की त्या उंच जॉनने त्याच्या आजोबांना सायकल चालवायला शिकवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तबकड्या छापून आल्या. एका शनिवारी सकाळी ऱ्हियानने मला, सुनंदाला आणि इकबालभाईला कुरुमला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर खोकी उघडलेली, काळ्या तबकड्या, राखाडी पाकिटं. ह्यू पत्ते लिहीत होता, मारेद चिकटपट्टी लावत होती. तबकड्या मागवणाऱ्यांत वेल्समधल्या खेड्यापाड्यांतली माणसं होती, जपानमधला कुणी एक होता. सुनंदाने दहा मिनिटांत सगळ्यांना एका रांगेत बसवलं, तू घाल, तू दुमड, तू चिकटव, आणि काम दुप्पट वेगाने सुरू झालं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत माझं नाव होतं. इकबालभाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि पिकअपचं नाव का नाही असं विचारलं.

एम्लिन खिडकीपाशी बसले होते. वर्षभरात बारीक झाले होते. आता ते दिवसचे दिवस बोलत नाहीत, असं ऱ्हियानने मला दारातच सांगितलं होतं. तिने तबकडी लावली. आम्ही हात चालू ठेवले, पण शेवटचं गाणं आलं तसे सगळ्यांचे हात आपोआप थांबले. दुसरं कडवं. ड्रम थांबले. वारा, खुर्ची आणि तो आवाज.

एम्लिन यांनी मान वळवली. स्पीकरकडे बघत राहिले. कपाळावर आठी आली. मग ते वेल्शमध्ये काहीतरी बोलले, सावकाश, एक एक शब्द जागेवर ठेवत. ह्यू फस्सकन हसला आणि लगेच त्याने हाताने तोंड झाकलं. ऱ्हियानच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

‘काय म्हणाले?’ मी विचारलं.

‘म्हणतायत, हा गाणारा कोण आहे? सूर नाही त्याला,’ ती म्हणाली. ‘पण आमची माणसं ओळखतो.’